घडीच्या खाटा मागवा

समजा, नोव्हेंबर २००६ मध्ये तुम्ही अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलात. इराक युद्धाला विटलेल्या लोकांनी दोन्ही सभागृहं तुमच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या पदरात टाकलीत. अभिनंदन! घाबरू मात्र नका. युद्ध खरोखर थांबवायची वेळ काही तुमच्यावर येत नाही.

सुरुवात ठरावाने करा, तोही कुणावर बंधनकारक नसलेला. राष्ट्राध्यक्ष बुश इराकमध्ये आणखी वीसेक हजार सैनिक पाठवतायत? 'आम्हाला पसंत नाही' असं प्रतिनिधीगृहात २४६ विरुद्ध १८२ मतांनी कळवा, स्थळ नाकारावं तसं. सिनेटमध्ये चर्चा सुरू करायलाच ६० मतं लागतात. तुम्हाला ५६ पडतील. बहुमत असून हरलात, म्हणजे हुतात्मा व्हायला मोकळे.

मग युद्धखर्चाच्या विधेयकात माघारीची तारीख घाला. मतं कमी पडली तर पालक पिकवणाऱ्यांना अडीच कोटी डॉलर आणि शेंगदाण्याच्या साठवणुकीला ७ कोटी ४० लाख द्या. प्रतिनिधीगृहाने तेच केलं. (पालकाचा बगदादशी काय संबंध, हे भाजीवाल्याला विचारा.) १ मे २००७ ला बुश नकाराधिकार वापरतील, इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका सैनिकाच्या वडिलांनी दिलेल्या पेनाने सही करून. आता बोला!

बोलू नका. तिजोरीची किल्ली संविधानाने तुमच्याच कमरेला खोवलीय आणि पैशांचं दुसरं विधेयक मांडलंच नाही तर नकाराधिकार वापरायला काही उरतच नाही, असले अभद्र विचार झटकून टाका. २४ मेला तारीख गाळून पैसे देऊन टाका. जमलं तर सभापती नॅन्सी पलोसींसारखं करा: विधेयक मतदानाला येऊ द्या आणि स्वतः विरोधात मत द्या. मी मारल्यासारखं करतो, तू रडल्यासारखं कर.

जुलैत लोक पुन्हा कुरकुरतील. तेव्हा माघारीच्या प्रस्तावावर सिनेटचं अधिवेशन रात्रभर चालवा. शेजारच्या खोलीत घडीच्या खाटा आणवा आणि त्या आत येताना कॅमेरेवाले हजर असतील एवढं बघा. पाठ टेकायची गरज नाही, खाट दिसली की पुरे. सकाळी ५२ विरुद्ध ४७. साठ काही होत नाहीत.

आणि तारखेची चिंता सोडा. ती पुढच्याच वर्षी खुद्द बुश यांनी इराक सरकारशी करार करून ठरवली: २०११ ची अखेर.

खाटा घडी करून ठेवल्यात ना?