वृद्धाश्रमातली पदं खाटांवर मोजू नका

सरकारी किंवा अनुदानित वृद्धाश्रमात आजींना बेडसोर (पडून पडून होणारी जखम) झाला किंवा आजोबा संडासात पडले, की पहिला मेमो रात्रपाळीच्या मावशीला जातो. हा अन्याय आहे, आणि तो हिशेब मांडला की लगेच दिसतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा इथली कातडी दाबून लाल होते आणि मग फाटते. हे काम एकटीने करायचं नसतं. ओढताना चादरीवर घासून कातडी सोलवटते, शिवाय मावशीची कंबर जाते. म्हणजे दोघीजणी आणि पाच मिनिटं. असे दहा जण असतील तर रात्री ८ ते सकाळी ८ या पाळीत सहा फेऱ्या, म्हणजे साठ वेळा कूस बदलायची. पाच तास तिथेच गेले. प्रत्येकाचा डायपर रात्रीतून दोनदा, दर वेळी दहा मिनिटं धरली तरी आणखी तीन तास वीस मिनिटं. पाणी पाजणं, औषधं, ओल्या चादरी अजून बाकीच आहेत. त्यात कुणी अंधारात उठून संडासाकडे निघालं तर त्यांना धरणार कोण? हा हिशेब दोघींचा झाला. प्रत्यक्षात ड्युटी अनेकदा एकीलाच लावलेली असते.

आता पदांकडे बघू. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास देतो, म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं. किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपण धरलं की हा आकडा चारच्या वर जातो. दिवसरात्र दोघी हव्यात तर निदान आठ पदं हवीत. "आठ मंजूर आहेत, मग तक्रार कसली?" असं कार्यालयात बसून म्हणणाऱ्याला आठ पदं म्हणजे एका वेळी दोनच माणसं, हे लक्षातच येत नाही. त्यातली दोन रिक्त असली की रिलीव्हर, म्हणजे रजेवरच्या जागी येणाऱ्या बदली मावशी, संपल्या. मग सुट्ट्या रद्द, सलग दोन पाळ्या, आणि महिन्याभरात आणखी एक मावशी काम सोडते.

मूळ दुखणं आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात आहे. तो मंजूर प्रवेशसंख्येवर ठरतो. प्रवेशाच्या वेळी 'स्वतःचं स्वतः करू शकतात' ही अट बहुतेक ठिकाणी असते, पण पासष्टीला चालत आलेला माणूस ऐंशीला तसाच राहत नाही. खाट तीच, कागदावरची संख्याही तीच, काम मात्र कितीतरी पटीने वाढलेलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्येही आकडा जागांचाच आहे: जिल्ह्याला किमान एक आणि त्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय.

यावर साधा उपाय आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचा बार्थेल स्कोअर काढावा, म्हणजे रोजची कामं तो स्वतः किती करू शकतो याचे गुण. गुण कमी, तितकी मदत जास्त. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, लघवी, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं अशा दहा गोष्टी आणि शंभर गुण. सिस्टरला एका माणसामागे पाच-दहा मिनिटं लागतात. पदं त्या गुणांवर ठरवा. खाटांवर नको.

कंत्राटी भरतीत तर गोंधळ निविदेपासूनच सुरू होतो. 'बारा काळजीवाहक पुरवणे' असं लिहिलं की ठेकेदार बारा नावं देतो आणि पाळीला कोण आलं हे कुणी विचारत नाही. निविदा पाळ्यांची काढा. भरलेल्या पाळीचंच बिल, न भरलेल्या पाळीला दंड. सेवाशुल्क, म्हणजे पगारावरचा स्वतःचा मोबदला, जवळजवळ शून्य लावणारा ठेकेदार आपला नफा मावशींच्या पगारातून आणि पीएफमधूनच काढणार, हे निविदा उघडतानाच ओळखायला हवं. ठेकेदाराने पगार थकवला तर तो चुकता करण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे संस्थेवरच येते. म्हणून बिल मंजूर करण्याआधी बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा मागा. दर दोन महिन्यांनी नवा चेहरा आला की डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) आजी घाबरतात, त्याच्या हातून घास घेत नाहीत. ते नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

अधीक्षकाचं पद अतिरिक्त कार्यभारावर चालवणं तर तातडीने थांबवायला हवं. आठवड्यातून दोनदा येणारा अधिकारी सह्या करतो, ड्युटी लावत नाही. डायपर, ग्लोव्ह्ज, मॅकिंतोश (खाटेवरचं रबरी कापड) सादिलवार, म्हणजे किरकोळ खर्चातून घ्यायचे असतील तर सही अडली की ओली चादर तशीच राहते.

तपासणीला येणाऱ्यांनी खाटेला टांगलेला कूस बदलण्याचा तक्ता पाहावा. रात्री १० ते पहाटे ६ चे सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच दमात भरलेले दिसले तर मेमो काढण्याआधी त्या रात्रीचा हजेरीपट मागवा आणि ड्युटीवर किती जणी होत्या ते मोजा.