भाडं नव्हे, परतीची वेळ

पुणे-मुंबई रोजचा प्रवासी भाड्यामुळे रेल्वे सोडून बस-कॅबकडे वळतो, हे एका लेखातलं विधान पटलं नाही. मासिक पास बसच्या आठवड्याच्या खर्चातही निघतो. खरं दुखणं परतीच्या गाडीचं आहे. डेक्कन क्वीन सीएसएमटीहून ५:१० ला सुटते. ऑफिस साडेपाच-सहाला सुटणाऱ्याने ती पकडायची कशी? तिच्यानंतर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या लांब पल्ल्याच्या, त्यांच्या आरक्षित डब्यांत पासवाल्याला हक्काची जागा नाही. म्हणून सकाळी रेल्वे आणि संध्याकाळी शेअर कॅब, अशी विभागणी होते आणि काही महिन्यांत पासही सुटतो.

दुसरं म्हणजे उतरायचं कुठे. नोकऱ्या फोर्टातून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), अंधेरी, ऐरोलीकडे सरकल्या. गाड्या मात्र अजून दादर-सीएसएमटीच धरून आहेत. पनवेलमार्गे जाणारी प्रगती एक्स्प्रेस हा सन्माननीय अपवाद. शिवाय वक्तशीरपणा: कल्याण-कर्जत पट्ट्यात लोकल आणि एक्स्प्रेस एकाच रुळांवर धावतात. घाटातून पंधरा मिनिटं उशिरा उतरलेली गाडी ऐन गर्दीच्या वेळी लोकलच्या मागे अडकते आणि उशीर वाढत जातो. पुण्याकडे येताना कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडी वर ढकलणारी, इंजिनं जोडावी लागतात, कारण पुढे ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. तो वेळ वाचत नाहीच. पावसाळ्यात दरड आली की वेळापत्रक कागदावर. भाडं निम्मं केलंत तरी यातलं काय बदलणार? सहा-सव्वासहाला सुटणारी, पासधारकांचे डबे असलेली एक गाडी द्या.