नाल्याचं पाणी पाणथळीतून सोडा, पण काठ सिमेंटने बांधू नका

आपल्याकडं मराठवाड्यात पाण्याचं बोलणं म्हणजे टँकर, बोअर आणि जायकवाडीत किती टक्के आलं एवढंच. वापरून झालेलं पाणी जातं कुठं हे कुणी विचारत नाही, ते नाल्यानं नदीत नाहीतर तलावात पडतं अन् खालच्या गावाला तेच प्यावं लागतं.

कृत्रिम पाणथळ हा यावर मला सगळ्यात पटलेला उपाय आहे. आधी टाकीत जड गाळ बसू द्यायचा, मग खडी भरलेल्या वाफ्यातून पाणी सावकाश सोडायचं, वर कर्दळ, पाणकणीस लावायचं. खरं काम खडीला अन् मुळांना चिकटलेले जिवाणू करतात, घाण तेच खातात. पाणी खडीच्या आतून वाहतं म्हणून तिथं डास होत नाहीत. आणि लाईट गेली तरी चालू राहतं, आपल्याकडं हे लई महत्त्वाचं, कारण लाईटबिलापायी बंद पडलेले प्लांट आपण बघतोच. जागा लागते, माणशी एक-दोन चौरस मीटर धरा, झाडं छाटणं अन् टाकीतला गाळ काढणंही आलंच. कारखान्याचं केमिकलवालं पाणी मात्र यात सोडायचं नाही.

पण माझा जीव अडकलाय तो वाफ्यातून निघालेलं पाणी जिथं साठतं त्या शेवटच्या उघड्या तळ्यात, कारण तिथं पक्षी उतरतात. शेकाट्या बघा, लांब गुलाबी पाय, वीतभर पाण्यात चालत चालत चिखलातले किडे टिपतो. तुतवार तर पाण्याच्या कडेकडेनंच पळतो. त्यांना उतरता काठ अन् ओला चिखल पाहिजे. आपण काय करतो, सुशोभीकरण! उभी भिंत, रेलिंग, जॉगिंग ट्रॅक, कारंजं. मग तिथं कोण उतरणार?

माणसानं केलेल्या पाण्यावर पक्षी येत नाहीत असं कुणी म्हणू नका. जायकवाडीचा नाथसागर जलाशय माणसानंच केला, धरण १९७६ चं, १९८६ ला पक्षी अभयारण्य झालं, कारण पाणी उथळ अन् ओसरलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात. गोदावरीच्याच वरच्या अंगाला नांदूर मधमेश्वर, तेही बंधाऱ्यामागं गाळ साचून झालेलं, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा आहे, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ. पूर्व कोलकात्यात तर शहराचं सांडपाणीच साडेबारा हजार हेक्टरच्या पाणथळीत जातं, त्यावर मासे पोसतात, २००२ पासून तीही रामसर जागा आहे.

उन्हाळ्यात बाष्पीभवन होणार हे मान्य, पण नाल्यात सडणाऱ्या पाण्यापेक्षा थोडं उडून बाकीचं शेतीला मिळालेलं कधीही बरं.

तुमच्या गावात असा प्रकल्प येत असेल तर नकाशा मागून घ्या अन् शेवटच्या तळ्याच्या काठाचा उतार बघा, भिंत दाखवलेली असेल तर टेंडर निघायच्या आधी ग्रामसभेत नाहीतर नगरसेवकाला विचारा.