साडेचार फुटांचा दांडा

गेल्या आठवड्यात एका पहाटे आमच्या शयनगृहातल्या कपाटाचा हँगरचा दांडा सगळ्या कपड्यांसह खाली आला. साडेचार फुटांची पातळ ॲल्युमिनियमची नळी, मध्ये आधार नाही, टोकांना प्लॅस्टिकच्या वाट्या आणि त्या वाट्या पार्टिकल बोर्डात जेमतेम अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी अडकवलेल्या. इतके दिवस तो वर राहिला हेच नवल. कपाट सदनिकेसोबत ‘भेट’ म्हणून मिळालेले असल्याने तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी रविवार कारंजाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि मापांचा कागद पुढे केला. स्टीलचा गोल दांडा, व्यास २५ मिमी, पत्र्याची जाडी १.२ मिमी, लांबी साडेबावन्न इंच, दोन टोकांना धातूचे सॉकेट आणि वरच्या फळीतून खाली येणारा एक मधला आधार. कागदाकडे न पाहताच शेठ म्हणाले, “ताई, साहेब नाही आले का? नाहीतर मिस्त्रींनाच पाठवा ना.”

साहेबांना बल्ब बदलायचा झाला तरी ते आधी सोसायटीच्या वॉचमनला हाक मारतात, आणि एका दांड्यासाठी कोणताही मिस्त्री घरी यायला तयार होत नाही, हे मी शेठना सांगणार होते. पण तेवढ्यात काउंटरच्या कडेला स्टुलावर चहा पीत बसलेल्या काकांनी माझा कागद उचलून चष्म्यासमोर धरला. हे काका नळाचा वायसर घ्यायला आले होते, तो केव्हाच त्यांच्या खिशात गेला होता, पण घरी जाण्याची त्यांना कोणतीही निकड दिसत नव्हती.

“ओझरला मिग जोडलेत आम्ही,” ते म्हणाले, “तुमचा दांडा काय! आधी लोड सांगा.”

मिग-२१ विमानांसाठी १९६४ साली उभ्या राहिलेल्या ओझरच्या कारखान्याचा प्रत्येक नाशिककराप्रमाणे मलाही अभिमान आहे. परंतु त्या अभिमानापोटी आपल्या कपाटाची उघड झडती भर दुकानात द्यावी लागेल, अशी माझी कल्पना नव्हती.

“साड्या किती?”

“हँगरवर असतील पंधरा-वीस.”

“पैठण्या धरून?”

“पैठणी हँगरवर लावत नाहीत, काका.”

“का? येवल्याची नाही का?”

पैठणी येवल्याची असो वा पैठणची, जरीच्या पदराचे वजन एकाच घडीवर सतत लोंबकळत राहिले की रेशीम तिथेच विरते. म्हणून ती सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवायची आणि अधूनमधून घडी बदलायची, हे नाशिक जिल्ह्यातल्या बायकांना वेगळे शिकवावे लागत नाही. हे मी त्यांना सांगितले. काकांनी ते ऐकून घेतले आणि शेठकडे वळून म्हणाले, “पैठण्या धरून तीस लिहा.” मग ते साहेबांच्या लग्नातल्या कोटाकडे वळले. कोट अजून ठेवला आहे का, ठेवला असल्यास तो त्यांना होतो का, होत नसल्यास त्याचे ओझे दांड्यावर कशासाठी, असे प्रश्न त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात विचारले, की रंगाचे डबे घ्यायला आलेले एक दांपत्य आपले काम विसरून आमच्याकडे पाहू लागले.

नंतर काकांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून लोहचुंबक काढला, दांड्याला लावला, तो चिकटला नाही आणि त्यांनी निकाल दिला : “अस्सल ३०४!” आता, ३०४ आणि २०२ हे स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार. ३०४ मध्ये सुमारे ८ टक्के निकेल असते, स्वस्तातल्या २०२ मध्ये ते बरेच कमी करून मँगनीज वाढवलेले असते, पण चुंबक सहसा दोघांनाही धरत नाही, त्यामुळे त्या चाचणीतून काकांकडे चुंबक आहे, याखेरीज काहीही सिद्ध होत नाही. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत हा फरक महत्त्वाचा असला, तरी इंदिरानगरातल्या बंद कपाटात २०२ सुद्धा माझ्या निवृत्तीपर्यंत टिकेल. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. तेही सांगून झाले.

“मग दीड इंची जाड दांडा घ्या,” काका म्हणाले.

मी म्हटले, दांडा जाड करण्यापेक्षा आधारांमधले अंतर कमी करावे, कारण फुटामागे भार तोच असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर झोल सोळा पट होतो. मधोमध एक आधार दिला की काम झाले. शेठनी पंख्याकडे पाहिले. रंगवाले दांपत्य रंगांकडे परतले. चहाचा शेवटचा घोट घेऊन काका म्हणाले, “शेठ, ह्यांना मध्ये एक सपोर्ट द्या. झोल पडणार नाही.” आणि शेठ उद्गारले, “अनुभव बोलतो, काका!”

हे मी अजून विसरलेले नाही.

लांबीचेही तेच झाले. कपाट आतून ५४ इंच आहे, पण पोखरलेल्या बोर्डावर सॉकेट पुन्हा बसवण्यात अर्थ नसल्याने दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लायची एकेक पट्टी लावून त्यावर सॉकेट घ्यायचे होते, म्हणून साडेबावन्न. “कापता येतो, वाढवता येत नाही,” असे काकांनी बजावले आणि शेठनी माझ्यादेखत पोऱ्याकडून ५४ चा कापून घेतला. मी पुन्हा कापायला लावला. दुसऱ्यांदा कापण्याचे वीस रुपये वेगळे लावले, आणि बिलावर नाव घालण्यासाठी साहेबांचे नाव विचारले. मी माझे सांगितले, शेठनी ‘सौ.’ स्वतःच्या पदरचे जोडले.

बसवायला फार वेळ लागला नाही. हँगर उचलून काढता यावा म्हणून वरच्या फळीखाली दोन इंच सोडले, आणि पल्ल्यांच्या रुळांनी कपाटाची खोली आधीच खाल्लेली असल्याने दांडा मागच्या फळीपासून बरोबर दहा इंचांवर घेतला. सतरा इंची हँगर पल्ल्याला न घासता बसतो. आता दांड्याचे दोन भाग झाले आहेत आणि मधल्या आधारामुळे हँगर एका भागातून दुसऱ्यात सरकत नाहीत. उजवीकडे साहेबांचे मोजके शर्ट आणि तो कोट ऐसपैस आहेत, डावीकडे माझ्या साड्या एकमेकींना चेपून उभ्या आहेत. मी कोट हलवण्याचा विषय काढला, तेव्हा साहेबांनी प्रथमच कपाटात डोकावून पाहिले आणि हा मधला आधार काढून टाकला तर जागा होईल, असे सुचवले.