फेस आला म्हणजे मळ निघाला?

रविवारी घाटकोपरला ताईकडे गेले होते. भाच्याने टी-शर्ट वर करून पाठ दाखवली. पुटकुळ्या होत्याच, आता त्यांच्यावरून मानेपासून कमरेपर्यंत तपकिरी ओघळ, जणू कोणी चहा ओतलाय. "मावशी, आत्याने ग्रुपवर टाकलं होतं ना, ते केलं."

"ते" तुमच्याही ग्रुपवर येऊन गेलं असेल. पाठीवरच्या पुटकुळ्या म्हणे अशुद्ध रक्ताने येतात. लिंबू आणि खायचा सोडा घासणीने चोळा, फेस येईल तसा आतला मळ निघेल. मग अर्धा तास उन्हात बसा. सात दिवसांत पाठ साफ! आणि मेडिकलमधल्या बेन्झॉइल पेरॉक्साइडला (पुटकुळ्यांवर लावायचं औषध) हात लावू नका, कॅन्सर होतो.

आधी तो फेस. लिंबाचं आम्ल सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बस्स. रिकाम्या वाटीत करून बघा, तिथेही फेस येईल. वाटीचं रक्त कधी अशुद्ध झालं होतं?

खरा घात उन्हाने केला. लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन पडलं की कातडी भाजते. लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी लाल होते, कधी फोड येतात, आणि मग राहिलेले डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. रस ज्या वाटेने ओघळतो त्याच वाटेने डाग उमटतो. पोराने लिंबाची फोड सालीसकट चोळली आणि गच्चीत जाऊन बसला. ते चहाचे ओघळ हेच. त्यात घासणी! सुजलेली पुळी खरवडली की खड्डा आणि काळा डाग ठरलेला.

रक्ताचं एका ओळीत संपवते. केसाच्या मुळाशी तेल आणि मेलेल्या पेशी अडकतात, तिथे जिवाणू वाढतात, सूज येते. सतराव्या वर्षी हार्मोन्स तेल जास्तच सोडतात.

कॅन्सरचं मात्र, नाइलाजाने, अर्धं खरं आहे. बेन्झॉइल पेरॉक्साइड उष्णतेने तुटून त्यातून बेन्झीन तयार होऊ शकतं, आणि बेन्झीन कॅन्सरकारक आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका खासगी प्रयोगशाळेने त्यावर ओरड केली. मग एफडीएने, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने (अमेरिकेच्या, आपल्या वांद्र्याच्या नव्हे), ९५ उत्पादनं तपासली. मार्च २०२५ मध्ये निकाल आला: ९० टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बेन्झीन सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य होतं. मोजकी उत्पादनं दुकानांतून मागे घेतली गेली. वर्षानुवर्षं रोज वापरलं तरी धोका फार कमी, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. तेव्हा ट्यूब उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, तारीख उलटलेली फेकून द्या. फॉरवर्डमधून ही दुसरी बाजू कशी गळते कोण जाणे.

भाच्याची कातडी आता आधी शांत होऊ दे. नंतर २.५ किंवा ५ टक्क्यांचा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश, पाठीवर दोन-चार मिनिटं ठेवून धुवायचा. कातडी फार कोरडी पडली तर एक दिवसाआड. झेपलंच नाही तर २ टक्क्यांचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड. सात दिवसांत काहीही दिसणार नाही, सहा-आठ आठवडे धरा. लोकलमध्ये पाठीला चिकटलेली सॅक आणि घामाने भिजलेली पॉलिस्टरची जर्सी, घरी आल्या आल्या दोन्ही उतरवून अंघोळ.

एक ट्यूब मात्र नको. मेडिकलवाला "सगळ्यावर चालते" म्हणून देतो ती. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, आणि त्यानेही पुटकुळ्या उठतात. एकसारख्या बारीक, खूप खाजणाऱ्या पुळ्या असतील तर ती बुरशीही असू शकते. त्या किंवा दुखऱ्या मोठ्या गाठी असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ.

आणि ताई, टॉवेल पांढरा दे त्याला. पेरॉक्साइडने रंग उडतो, नंतर मला फोन करू नकोस.