रान कोण राखतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या देवरायांवरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. तुमचं म्हणणं असं की, गावकऱ्यांनी रान राखलं ही भाबडी समजूत आहे. उन्हाळ्यात काजूच्या बागेतला पाचोळा पेटवतात ते गावकरीच, आणि गोळावलीत वाघांना विष घातलं गेलं तेही गावातच. देवराया टिकल्या त्या देवाच्या धाकाने, आणि असल्या तुकड्यांनी हवामान बदलाला काहीच अडसर होत नाही. गोव्याचा साठ टक्के भाग आजही हिरवा आहे. तेव्हा अभयारण्यातली माणसं बाहेर काढावीत आणि राखण पूर्णपणे वनखात्यावर सोपवावी.

गोळावलीपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुमच्या म्हणण्याला सगळ्यात जास्त वजन आहे. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले. एक वाघीण आणि तिचे बछडे. वाघाने मारलेल्या जनावराच्या मढ्यात विष कालवल्याचा आरोप झाला, गावातल्या माणसांना अटक झाली. हे कृत्य अक्षम्यच आहे. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. म्हादई अभयारण्य जाहीर झालं 1999 साली. त्याच्या हद्दीत आलेल्या गावांतली माणसं तिथे पिढ्यानपिढ्या राहत, कसत, गुरं चारत आली होती. अभयारण्य झालं, तरी त्यांच्या जमिनीचा, चराईचा, बागायतीचा हिशेब कुणी मिटवला नाही. घर तेच, कुळागर (सुपारी-नारळाची बागायत) तेच, पण कागदावर माणूस अतिक्रमण करणारा ठरला. रानात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा 2006 साली आला. गोव्यातून दहा हजारांच्या आसपास दावे दाखल झाले आणि पहिल्या पंधरा वर्षांत त्यांतले अगदी थोडे निकाली निघाले. ज्या रानात आपलं असणंच बेकायदा धरलं जातं, त्या रानातल्या वाघाकडे माणूस कसा बघेल? रागाने विष घालणं याने क्षम्य होत नाही. पण तो राग कुठून आला हे न बघता उपाय शोधायला गेलो, तर पुढचं मढं सापडेपर्यंतच आपण गप्प राहू.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 जुलै 2023 रोजी या प्रश्नावर निकाल दिला. व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा, आणि आदिवासी व इतर वननिवासींचे हक्क बारा महिन्यांत निश्चित करा, असे दोन्ही आदेश त्यात आहेत. आपल्याकडे वाद पेटला तो पहिल्यावर. वाघ हवा म्हणणारे आणि वाघ नको म्हणणारे, दोघेही दुसऱ्या आदेशाविषयी फारसं बोलले नाहीत. माझ्या मते रान वाचवण्याचं सूत्र त्या दुसऱ्या आदेशात आहे.

माणसं स्वभावाने रानाची राखण करतात असं माझं म्हणणं नाही, आणि माझ्या लेखातही ते नव्हतं. ज्याच्या हातात निर्णय आणि ज्याच्या पदरात फायदा, तोच राखण करतो, एवढंच मी म्हणतो. गोव्यात याचा पुरावा रानात तर आहेच, पण त्याहून स्पष्ट दिसतो तो आपल्या खाजनांत, म्हणजे भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेल्या सखल शेतांत. खाजन शेतीचा बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, शतकानुशतकं गावकारीने, म्हणजे गावाच्या सामूहिक जमीन-संस्थेने, सांभाळली. मानशीत मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. भरतीचं खारं पाणी शेतात किती घ्यायचं, कधी सोडायचं, हे गावच ठरवायचं. पुढे 1964 च्या कूळ कायद्यानंतर जमीन कुळांकडे आली. कसणाऱ्याला न्याय मिळाला ही मोठी गोष्ट झाली. मात्र बांधाची जबाबदारी गावकारी, कुळांचे संघ आणि सरकार यांच्यामध्ये लोंबकळत राहिली. कित्येक ठिकाणी मासळीचा लिलाव चालू राहिला, पण बांधाकडे बघणारं कुणी उरलं नाही. बांध फुटले, खारं पाणी आत शिरलं, शेतांत खारफुटी माजली. माणसं तीच, गाव तेच. हक्क आणि जबाबदारीची फारकत झाली एवढंच. आता समुद्राची पातळी वाढत असताना सखल गोव्याला त्याच बांधांची सगळ्यात जास्त गरज आहे.

साठ टक्क्यांचा आकडा तुम्ही फार विश्वासाने दिलाय. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात गोव्याचं वनाच्छादन 2,244 चौरस किलोमीटर, म्हणजे 60.62 टक्के आहे हे खरं. पण त्या मोजणीत एक हेक्टरहून मोठा आणि दहा टक्क्यांहून अधिक झाडोरा असलेला कुठलाही तुकडा धरला जातो, मग ती काजूची बाग असो की माडांची. आकाशातून दोन्ही हिरवंच दिसतं. किंदळ, माट्टी, जांभा या झाडांचं जुनं रान आणि डोंगर साफ करून लावलेली काजूची बागायत यांच्या पोटात पाणी सारखंच मुरतं का, हे तुम्ही कुठल्याही झरीच्या काठावर राहणाऱ्याला विचारा.

आणि इथेच देवराईचा विषय येतो. धाकाने टिकली म्हणता, तर तसंही म्हणा. सुकलेलं पानसुद्धा उचलायचं नाही, वहाणा घालून आत जायचं नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला आणि स्वतःच पाळून घेतला. राखणदाराला, म्हणजे रायीच्या रक्षक देवाला, गाऱ्हाणं घालणारा माणूस त्या रायीला स्वतःच्या कुटुंबातली मानत असतो. त्याला भीती म्हणायचं की नातं, हे मी तुमच्यावर सोडतो. त्याचा परिणाम मात्र डोळ्यांनी दिसतो. नानोडा-बांबर इथली निरंकाराची राय बघा. गोड्या पाण्यातलं रानजायफळाच्या कुळातल्या झाडांचं दलदलीचं जंगल, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, आणि भर उन्हाळ्यातही ओली जमीन. अशी जंगलं पश्चिम घाटात आता अगदी मोजकी उरली आहेत. पाण्याखालच्या त्या मातीत साठलेला कर्ब एकदा दलदल सुकवली की हवेत जातो. ती राय कुणा साहेबाने आखून दिलेली नव्हती. डिचोलीतल्या सुर्लाच्या पूर्वतळी रायीला आता जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळालाय, पण ती राखली गेली त्याच्या कितीतरी आधीपासून.

तुकडा लहान आहे, जगाचं तापमान त्याने उतरणार नाही, हे मलाही कळतं. हवामान बदलाविषयी गावाच्या हातात असलेला प्रश्न वेगळा आहे: तो अंगावर आला की आपण तगणार कसे? गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. तोच पाऊस आता थोड्या दिवसांत कोसळून जातो. 23 जुलै 2021 चा महापूर सत्तरीतली माणसं विसरलेली नाहीत. 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर असं तेव्हा मुख्यमंत्रीच म्हणाले. पाचोळ्याचा थर आणि खोल मुळं असलेला उतार असलं पाणी थोपवतो, निदान त्याचा वेग मोडतो. उघडा केलेला उतार मातीसकट खाली येतो. तुम्ही फोंड्याचे आहात. तुमच्या नळाला येणारं ओपाचं पाणी खांडेपार नदीचं, आणि तिचं एक मूळ दूधसागरच्या, म्हणजे मोलेच्या रानात आहे. तेव्हा मोलेच्या रानाचं काय होतं हा तुमच्या स्वयंपाकघराचाही प्रश्न आहे.

मोलेचं नाव निघालं म्हणून सांगतो. डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाची मंजुरी मिळाली होती. ज्यांच्यावर राखणीची जबाबदारी, त्या यंत्रणांनी ती अडवली नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये चांदर इथे रात्री रुळांवर येऊन बसली ती साधी माणसं होती. सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2022 रोजी ती मंजुरी रद्द केली. सगळं वनखात्यावर सोपवा म्हणताना हा अनुभव विसरता येत नाही. वनरक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे. अफाट रान, हाताशी थोडी माणसं, अशा स्थितीत ते काम करतात. मार्च 2023 च्या वणव्यांत नौदलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या ओतत होती, पण जमिनीवर हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत वनरक्षक, अग्निशामक दलाचे जवान आणि आसपासचे गावकरी उभे होते. ती माणसं तुम्ही गावातून उठवलीत, तर पुढच्या वणव्याचा धूर पहिल्यांदा कुणाला दिसेल? काजूच्या बागेतला पाचोळा जाळायची रीत बंद व्हायलाच हवी, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण ती बंद करू शकते ग्रामसभा, कारण कुणाची बाग कुठे आणि आग कुठून शिरते हे तिथे सगळ्यांना माहीत असतं.

हे स्वप्नरंजन वाटत असेल, तर आपल्याच भाषेच्या मुलखातलं गडचिरोलीचं मेंढा-लेखा बघा. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर रानावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, 2011 पासून गाव स्वतः बांबू विकू लागलं. तिथे आपल्याच रानावर कुऱ्हाड घालण्यात कुणाचंच हित उरलं नाही. गडचिरोली आणि सत्तरी सारखी नाही, आपल्याकडे बांबूचं तसलं उत्पन्न नाही, जमिनीच्या मालकीचा गुंता तर भयंकर आहे: कुठे कोमुनिदाद (गावकारीचंच पोर्तुगीज नाव), कुठे देवस्थान, कुठे मोकासा (पूर्वी इनाम मिळालेली जमीन). तरी वनहक्क कायदा तोच आहे, आणि परंपरेने राखलेल्या रानाचं रक्षण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, मग तुमचा नेमका आग्रह कशाचा? सांगतो. वैयक्तिक दावे निकालात काढताना सामूहिक दावे मागे ठेवू नयेत. हे दावे मंजूर झाल्याशिवाय सीमा आखायला कुणी गावात येऊ नये. वाघाने जनावर मारलं तर भरपाई मढं कुजायच्या आत मिळावी, महिन्यांनी नव्हे. फेब्रुवारीत आगरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढायचं काम गावच्या मुलांना मजुरी देऊन द्यावं. आणि प्रत्येक पंचायतीत कायद्याने जी जैवविविधता समिती असायला हवी, तिच्या नोंदवहीत आपल्या राया, झरी, दलदली नावानिशी आहेत की नाही हे तुम्ही तुमच्या पंचायतीत, मी माझ्या पंचायतीत जाऊन बघू. नसतील तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय मांडू.