पत्रा कापा, पण चारही बाजूंनी

शोरूममधून निघाली ती काही गाडी नाही भाऊ, तो कच्चा माल. तशीच घेऊन संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर गेलात तर चणेवालाही वळून पाहणार नाही.

आधी रुंद टायर घ्या. चाकावरच्या कमानीत बसत नाहीत? मग टायर कशाला बदलायचा, गाडी बदला. मिस्त्री फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, खडूने अंदाजे अर्धगोल मारतो, ग्राइंडर लावतो आणि ठिणग्यांच्या आडून म्हणतो, "टेन्शन नको घेऊ बाप्पा, वरून फायबरची किनार, फ्लेअर मारतो, काही दिसत नाही." कापलेल्या काठाला प्रायमर वगैरे मागत बसू नका. पहिल्या पावसात त्याला आपोआप रंग येतो, तांबडा.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 म्हणते, कंपनीच्या मूळ नोंदीशी आरसी जुळणार नाही असा बदल गाडीत करू नका. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं. पण न्यायालय दिल्लीत, मिस्त्री गल्लीत. जवळचा कोण, तुम्हीच ठरवा.

रंग बदलायला तेवढी मोकळीक आहे. आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यायची. म्हणूनच त्यात मजा नाही. अर्ज भरून कोणी शायनिंग मारते का?

समोर लोखंडी गार्ड हवाच. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच यावर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं होतं. कंपनीने पुढचा भाग चुरगळून धक्का खाण्यासाठी बनवला, आपण गार्ड थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने आवळतो. बंपर वाचते. धक्का आत कोणाला बसते ते सोडा, बंपर केवढ्याचा येतो माहीत आहे ना?

आता हिशेब. कलम 182अ नुसार दंड 5,000 रुपये, तोही प्रत्येक बदलाला. किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चार कमानी म्हणजे एक बदल की चार, हा वाद भर चौकात, 45 डिग्रीत, इन्स्पेक्टरसोबत निवांत घाला. पुढे कधी गाडी ठोकली तर विम्याचा सर्व्हेअर येईल. तो एकदा आरसी पाहतो, एकदा गाडी पाहतो, मग पुन्हा आरसी. घाई करू नका, चहा सांगा.

आणि हो, कापलेले तुकडे त्याच दिवशी मागून घ्या. मी महिन्याभराने गेलो, तर माझ्या डाव्या फेंडरच्या तुकड्यावर मिस्त्रीच्या चहाचे ग्लास मांडलेले होते.